ऐकवे

ऐकवेला "काय रे, कसा आहेस?" असं विचारलं, तर तो कसा आहे हे कधीच सांगत नाही. सध्या काय ऐकतोय ते सांगतो. त्यावरून तो कसा आहे हे आपण ओळखायचं. "सध्या फक्त बिल इव्हान्स," म्हणाला तर अप्रेझल वाईट गेलेलं असतं. "केंड्रिक परत काढलाय," म्हणाला तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणाशी तरी वाजलेलं असतं. आणि काहीच न बोलता त्यानं खिशातून इअरफोनची डबी काढून त्यातलं एक बोंडूक आपल्यापुढे धरलं, तर समजायचं की त्याची प्रकृती उत्तम आहे आणि आपली पुढली वीस मिनिटं गेली.

ऐकवे हे त्याचं आडनाव नव्हे. ते आम्ही ठेवलेलं आहे. खरं आडनाव आधार कार्डावर आहे आणि तिथंच बरं आहे. राहतो कोथरूडला, नोकरी हिंजवडीला. या दोन ठिकाणांमधली रहदारी संगीतप्रेमी माणसासाठीच निर्माण झालेली आहे, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. वय चाळिशीच्या अलीकडे. अंगात बहुधा काळा टी-शर्ट, आणि त्यावर 'ब्लू नोट' ही अक्षरं. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही जॅझची रेकॉर्ड कंपनी. वॉचमननं एकदा भाबडेपणानं विचारलं, "साहेब, ब्लू नोट म्हणजे नवी पन्नासची का?" ऐकवेनं त्याला लिफ्टपाशी उभं करून आर्ट ब्लेकीपासून सुरुवात केली. तेव्हापासून वॉचमन त्याला लांबूनच सलाम करतो.

सोल, जॅझ, हिप-हॉप आणि इंडी हे ऐकवेचे चार वेद. यांतलं रोज काहीतरी नवं त्याला सापडतं, आणि सापडलेलं अंगावर ठेवून तो झोपू शकत नाही. कोणाला तरी दिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. देण्याची पद्धतही ठरलेली. एक बोंडूक आपल्या कानात, एक त्याच्या कानात. मग तो गाणं ऐकत नाही. आपला चेहरा बघतो. आपण कुठं बघायचं हा मोठाच प्रश्न असतो. त्याच्याकडे बघावं तर दोन प्रौढ पुरुष कर्वे रस्त्यावर एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे आहेत असं दृश्य तयार होतं. दुसरीकडे बघावं तर तो म्हणतो, "लक्ष नाहीये तुझं." मग त्याचा उजवा हात हळूहळू वर येतो. "थांब... थांब... अजून नाही... आता!" त्या 'आता'ला आपण मान हलवायची असते. आधी हलवली तर तो दुखावतो. उशिरा हलवली तर त्याला आपली दया येते.

नंतर तोंडी परीक्षा. "कसं वाटलं?" यावर 'छान' असं उत्तर देणारा नापास. 'वेगळं आहे' म्हणणारा पस्तीस गुणांवर सुटतो. 'याचा आवाज अमक्यासारखा वाटतो' असं चुकूनही म्हणायचं नाही, कारण मग तो अमका आणि हा यांच्यातला फरक दाखवायला दोघांचीही गाणी लावतो. आमच्यातल्या एका अनुभवी मित्रानं यावर कायमचा तोडगा काढलेला आहे. डोळे अर्धे मिटायचे, खालचा ओठ किंचित पुढे काढायचा आणि म्हणायचं, "बेस काय आहे रे!" बेस सगळ्यातच असतो. सोलमध्ये असतो, जॅझमध्ये असतो, हिप-हॉपमध्ये तर दुसरं काही नसलं तरी असतो. या एका वाक्यावर आमच्या ग्रुपमधले तिघेजण गेली कित्येक वर्षं पहिल्या वर्गात पास होत आहेत.

आपल्याकडे रागांना वेळा नेमून दिलेल्या आहेत, तशा ऐकवेनं या चार प्रकारांनाही नेमून दिल्या आहेत. सोल सकाळी, आंघोळीनंतर, पण नाश्त्याआधी. जॅझ जेवणानंतर, ऑफिसात एक्सेल उघडलेलं असताना. हिप-हॉप दिवेलागणीनंतर; दुपारी ऐकलं तर पित्त खवळतं. इंडी पावसात, आणि पाऊस नसेल तर खिडकी बंद करून. "इंडी म्हणजे नक्की काय रे?" असं मी त्याला विचारलं होतं. "ज्याच्यामागे मोठी कंपनी नसते ते," असं तो म्हणाला. त्यानं ऐकवलेल्या नमुन्यांवरून माझी व्याख्या जरा निराळी झाली आहे. ज्याच्या गायकाची झोप पुरी झालेली नसते, ते इंडी.

तो औषधंही देतो. घराच्या कर्जाचा हप्ता वाढला? मायकल किवानुका घे. बॉसनं मीटिंगमध्ये पाणउतारा केला? लिटल सिम्झ, दोन वेळा, जेवणानंतर. एका मित्राचा साखरपुडा मोडला, तेव्हा सगळे त्याच्या घरी जाऊन बसले. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी डबा नेला. ऐकवेनं त्रेचाळीस गाण्यांची यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "क्रम बदलू नकोस." मित्र सावरला. क्रम बदलला नव्हता म्हणून सावरला, अशी ऐकवेची नोंद आहे.

त्याचं स्वतःचं लग्न याच कारणानं लांबलं होतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीशी एकट्यानं बोलायला दिलं की तो पहिला प्रश्न विचारायचा, "काय ऐकतेस?" बहुतेकजणी नम्रपणे म्हणायच्या, "सगळंच ऐकते." तिथंच स्थळ फिसकटायचं. सगळं ऐकणारा माणूस काहीच ऐकत नाही, हा त्याचा सिद्धांत. शेवटी जिच्याशी लग्न झालं, तिनं कानात बोंडूक घातल्यावर अर्ध्या मिनिटात विचारलं, "हे किती वेळ चालणार आहे?" अकरा मिनिटं, असं कळल्यावर तिनं ते काढून त्याच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "मग आधी बोलून घेऊ." ऐकवे घायाळ झाला. संसार उत्तम चाललाय.

एवढं सगळं वाचून कोणाला वाटेल की या माणसाला आपलं संगीत जगभर पोचावं अशी तळमळ आहे. तसं अजिबात नाही. त्यानं सुचवलेलं कोणी ऐकलं नाही तर त्याला वाईट वाटतं, आणि सगळ्यांनी ऐकलं तर त्याहून वाईट वाटतं. २०१८ मध्ये प्रतीक कुहाडचं 'कोल्ड/मेस' आलं, तेव्हा ऐकवेनं आम्हाला ते इतकं ऐकवलं, की आमच्यातल्या प्रत्येकाला न झालेला प्रेमभंग आठवू लागला. २०१९ च्या डिसेंबरात बराक ओबामांनी आपल्या त्या वर्षीच्या आवडत्या गाण्यांची यादी जाहीर केली, आणि तिच्यात हे गाणं होतं. आम्हाला वाटलं, आता हा पेढे वाटणार. संध्याकाळी आला तो चेहरा पाडून.

"गेला," तो म्हणाला.

"कोण?"

"प्रतीक. आता सगळे ऐकणार."

एझरा कलेक्टिव्ह या लंडनच्या पोरांचंही तेच झालं. २०२३ मध्ये त्यांना मर्क्युरी पुरस्कार मिळाला. १९९२ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारावर जॅझवाल्यांनी नाव कोरण्याची ती पहिलीच वेळ. लंडनमध्ये जल्लोष झाला. कोथरूडमध्ये एका माणसाचं व्यक्तिगत नुकसान झालं. "आता त्यांच्यात ते राहिलं नाही," असं त्यानं जाहीर केलं. पुरस्कार मिळाला तो आल्बम आदल्या वर्षीचा, त्यातला एकही सूर मधल्या काळात बदललेला नव्हता, हे दाखवून देण्यात अर्थ नव्हता. "सगळे ऐकतात," हा त्याच्याकडचा मृत्यूचा दाखला आहे. हे 'सगळे' कोण, याचा मी एकदा आमच्या मजल्यापुरता शोध घेतला. एक आजी सुधीर फडके ऐकतात. एक मुलगा २०२४ पासून 'तांबडी चामडी' ऐकतोय आणि आम्हालाही ऐकवतोय. तिसऱ्या घरात बातम्या लागतात. लंडनच्या जॅझची लाट आमच्या मजल्यापर्यंत आलेली नाही.

त्यामुळे ज्या कलावंतांना कोणी ओळखूच शकत नाही, ते ऐकवेचे सर्वांत लाडके. ब्रिटनमध्ये सॉल्ट नावाचा एक गट आहे. मुलाखती देत नाहीत, फोटो देत नाहीत, कोण कोण आहे याचा थांगपत्ता बराच काळ लागू दिला नाही. २०२१ मध्ये त्यांनी 'नाईन' नावाचा आल्बम काढला आणि सांगितलं, हा फक्त ९९ दिवस उपलब्ध राहील. ऐकवेच्या अंगात संचारलं. आमच्या सिंहगडावर जाणाऱ्यांच्या ग्रुपवर रोज सकाळी उलटी मोजणी सुरू झाली. आज ४१ राहिले. आज ४०. अखेर एकानं विचारलं, "९९ दिवसांनी काय होणार आहे?"

"नाहीसा होणार," ऐकवेनं लिहिलं.

"मग बरं."

ऐकवे ग्रुपमधून बाहेर पडला. पुढल्या वर्षी याच सॉल्टनं एकाच दिवशी पाच आल्बम काढले, तेही फुकट, पण कुलूपबंद फाइलमध्ये. पासवर्ड असेल तरच उघडणार. तो पासवर्ड आम्हा प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवून कळवण्यासाठी तो ग्रुपमध्ये परत आला.

एकदा तो, मी आणि त्याची मावशी असे पुण्याहून दादरला निघालो. गाडी त्याची, म्हणजे गाणी त्याची. त्यानं कमासी वॉशिंग्टनचा 'द एपिक' लावला. लॉस एंजलिसच्या या सॅक्सोफोनवाल्याचा २०१५ चा आल्बम. तीन भाग, मिळून जवळजवळ तीन तास, सोबत ३२ वादकांचा ताफा आणि २० जणांचा गायकवृंद. "पुणे-मुंबईसाठीच केलाय," ऐकवे म्हणाला. खरोखरच उर्स्याच्या टोलनाक्यापर्यंत सॅक्सोफोन तापला, खंडाळ्याच्या घाटात गायकवृंद ढगांत शिरला आणि मलाही थोडा वेळ वाटून गेलं की द्रुतगती मार्ग बांधणाऱ्यांनी ही चाल आधी ऐकली असावी. मावशी खालापूरपर्यंत शांत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हा माणूस श्वास कधी घेतो रे?" ऐकवे या प्रश्नावर इतका खूश झाला, की त्यानं मावशींना पुढल्या सीटवर घेतलं. कळंबोलीजवळ नकाशातल्या बाई वळण सांगू लागल्या, तेव्हा त्यानं त्यांना गप्प केलं, कारण सोलो चालू होता. आम्ही मुंब्र्याच्या दिशेला लागलो. दादरला पोचेपर्यंत 'द एपिक' संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. मावशी परतताना रेल्वेनं गेल्या.

पण एक सांगायला हवं. ऐकवेला कान आहे. उसना नाही, स्वतःचा आहे. डेट्रॉइटच्या जे डिलाबद्दल त्यानं मला एका अमृततुल्यात बसून सांगितलं, ते मी विसरणार नाही. हिप-हॉपचे ठेके यंत्रावर बांधतात. त्या यंत्रात एक सोय असते. बोटानं वाजवलेला ठोका जरा मागेपुढे पडला, तर यंत्र तो उचलून बरोबर जागेवर बसवतं. डिला कितीतरी वेळा ती सोय वापरायचाच नाही. ठोका जिथं पडला तिथं राहू द्यायचा. "ऐक," म्हणत ऐकवेनं उजव्या हातातल्या चमच्यानं काचेच्या ग्लासावर एक सरळ लय धरली आणि डाव्या हातानं टेबलावर ठेका सुरू केला. डावा हात जरासा मागे. इतकासा, की चुकला म्हणवत नाही आणि बरोबर आहे असंही वाटत नाही. दोन हात एकमेकांना ओढत राहिले, आणि त्या ओढाताणीत आख्खं टेबल डुलायला लागलं. चहा देणारा पोरगा किटली घेऊन तिथंच थांबला. "दारू न पिता झिंगलंय ना?" ऐकवे म्हणाला. डिलाचा 'डोनट्स' ७ फेब्रुवारी २००६ ला आला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी. तीन दिवसांनी तो वारला. त्याचं ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात काचेमागे आहे. हे सांगताना ऐकवेनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्याला काय वाटतंय याची त्याला पर्वा नसते, तेव्हा तो फार उत्तम ऐकवतो.

घरात मात्र त्याचा माल खपत नाही. वडील, म्हणजे अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक. ऐकवेनं त्यांना हिप-हॉपचं मोठेपण पटवायला २०१८ ची बातमी दाखवली. केंड्रिक लमारच्या 'डॅम'ला पुलित्झर. शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर संगीताचं पुलित्झर तोवर कधी गेलं नव्हतं. अण्णांनी चष्मा लावून बातमी पूर्ण वाचली. "पुरस्कार मिळालाय म्हणजे काहीतरी म्हणत असणार," ते म्हणाले. "काय म्हणतोय, मराठीत सांग." ऐकवेनं उत्साहानं सुरुवात केली. दुसऱ्या ओळीशी अडखळला. चौथ्या ओळीला आई पोहे घेऊन आली आणि अनुवाद कायमचा स्थगित झाला.

मॅडलिबच्या वेळी याहून वाईट झालं. कॅलिफोर्नियाच्या या निर्मात्यानं २००७ मध्ये 'बीट कंडक्टा इन इंडिया' नावाची तबकडी काढली. जुन्या हिंदी सिनेसंगीताचे तुकडे कापून, उलटेपालटे जोडून केलेली. ऐकवेनं ती परदेशातून मागवली. खोकं फोडलं, तबकडी दोन बोटांच्या टोकांवर धरून लावली आणि अण्णांसमोर बसला.

"ही आपल्या सिनेमातली गाणी आहेत," अण्णा म्हणाले.

"हो. पण कापलेली."

"आणि तू कापायचे पैसे दिलेस?"

वास्तविक हीच गाणी आईकडे कॅसेटमध्ये होती. माळ्यावर, तांब्याच्या घंगाळात. पण ऐकवेकडे कोणतीही गोष्ट माळ्यावरून येऊ शकत नाही. ती कॅलिफोर्नियाला जाऊन, जकात भरून, परत यावी लागते.

सवाई गंधर्व महोत्सवाला तो दर डिसेंबरात जातो. गाणं मनापासून ऐकतो, पण त्याचं लक्ष मध्यंतराकडे असतं, कारण इतके कान एका ठिकाणी वर्षात दुसऱ्यांदा सापडत नाहीत. एकदा खाद्यपदार्थांच्या रांगेत त्यानं एका पांढऱ्या शालीतल्या काकांना गाठलं आणि कोल्ट्रेनबद्दल सांगू लागला. या माणसानं आपल्या मुलाचं नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलं, इथून. काकांनी त्याला मध्येच थांबवून महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हाच्या भीमसेनजींच्या एका पहाटेबद्दल सांगायला सुरुवात केली. ऐकवे म्हणाला, "काका, हे एकदा ऐकाच." काका म्हणाले, "ते तुम्ही ऐकायला हवं होतं." दोघांचेही उजवे हात वर गेले होते. दोघेही समोरच्याच्या चेहऱ्यावर ते 'आता' उमटायची वाट बघत होते. दोन सांगणारे आणि ऐकणारा कोणी नाही. पिठलं-भाकरी गार झाली. जाताना दोघांनीही एकमेकांना अरसिक ठरवलं असणार; पण मला तरी त्या रांगेत एकाच घराण्याचे दोन गवई दिसले.

२०२५ च्या ऑक्टोबरात डी'अँजेलो वारला. वय ५१. ऐकवेच्या लेखी तो सोलमधला शेवटचा शब्द. १९९५ मध्ये पहिला आल्बम, २००० मध्ये दुसरा, आणि तिसरा थेट २०१४ मध्ये. मधली १४ वर्षं ऐकवेनं वाट बघितली होती. हाच माणूस नळस्टॉपच्या सिग्नलला १४ सेकंद थांबू शकत नाही. सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइल रखडल्याबद्दल सगळे चिडलेले असताना तो शांतपणे म्हणायचा, "डी'अँजेलोलाही १४ वर्षं लागली." त्यावर सेक्रेटरी म्हणायचे, "रामालाही लागली होती. पण त्याचं घर शाबूत होतं."

बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. कारण लिहिलं : मृत्यू. साहेबांचा फोन आला.

"कोण गेलं?"

"डी'अँजेलो."

"अरे अरे. गोव्याचे का?"

"नाही. व्हर्जिनियाचा. अमेरिकेतला."

"तिकडे स्थायिक होते होय. नातं काय?"

ऐकवे बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कॉलेजपासून ओळख." साहेब चांगले होते, त्यांनी दोन दिवस घे म्हणून सांगितलं. दिवाळी तोंडावर होती. आई चिवड्याला फोडणी घालत होती आणि आतल्या खोलीत दिवा न लावता ऐकवे एकामागून एक तिन्ही आल्बम ऐकत होता. कोणाला फोन केला नाही, कोणाला लिंक पाठवली नाही. आमच्या ग्रुपवर दिवसभर शांतता होती, तेव्हाच आम्हाला कळलं की काहीतरी गंभीर घडलं आहे. संध्याकाळी आम्ही दोघं-तिघं गेलो. त्यानं दार उघडलं, तर आमच्यातल्या एका मित्रानं पहिल्यांदाच स्वतःहून हात पुढे केला, "दे, एक कानात दे."

आता अण्णांचं. मागल्या पावसाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. ऐकवे अण्णांना ट्रम्पेट समजावून सांगत होता. लुई आर्मस्ट्राँगपासून निघून माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'पर्यंत पोचला होता आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणाला, "हे सगळं आपल्याकडे कधी आलंच नाही, अण्णा." अण्णा उठले. टीव्हीचा रिमोट घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, एकेक अक्षर बोलून यूट्यूबला सांगितलं आणि 'अलबेला' लावला. १९५१ चा. भगवानदादा पावलं टाकू लागले, सी. रामचंद्रांचा वाद्यमेळ सुटला आणि त्यातून ट्रम्पेट वर आला.

ऐकवे गप्प झाला. त्याची मान डुलू लागली. अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांनी खुर्ची मुलाकडे वळवली होती आणि त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून, उजवा हात हळूहळू वर उचलत होते. "थांब," ते म्हणाले. "अजून नाही... आता!"

त्यानंतरचे काही दिवस ऐकवे खोलीबाहेर आला नाही. आला तो माहितीनं भरून. ट्रम्पेटवाल्याचं नाव चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणा. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 'अलबेला'च्या पडद्यावर तो आपल्या वाद्यवृंदासह दिसतोसुद्धा. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्येच लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला जॅझचा ताफा घेऊन आला होता. चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन शिकलेले गोव्याचे वादक हे संगीत उचलून रात्री हॉटेलांत वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जायचे. सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा माणसांनी हिंदी गाण्यांचे वाद्यमेळ लिहून काढले. म्हणजे ऐकवेच्या जन्माच्या कितीतरी आधी जॅझ त्याच्या आईच्या कॅसेटपर्यंत येऊन, माळ्यावर जाऊन बसलेलं होतं.

पुढल्या रविवारी मी मुद्दाम गेलो. अण्णा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. ऐकवे आतून आला. अंगात काळा टी-शर्ट, हातात डबी. त्यानं एक बोंडूक काढून वडिलांपुढे धरलं. आवाजात ती ओळखीची थरथर होती.

"अण्णा, सी. रामचंद्र ऐकलेत का तुम्ही? आपल्या पुणतांब्याचे. फार अंडररेटेड माणूस. एकदा ऐकाच."

अण्णांनी पेपर खाली घेतला नाही. पान उलटलं.

"ऐकायचो पूर्वी," ते म्हणाले. "हल्ली सगळेच ऐकतात."